बशीतली गोळी

डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला केस उगवले होते. फार नाहीत. मोजायचे म्हटले तर एका हाताची बोटं पुरली असती. तेही अजून भुवईच्या रंगाचे झाले नव्हते, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिंगट होते. वॉशबेसिनवरच्या आरशात, नळ तसाच चालू ठेवून, नम्रता त्यांच्याकडे पाहत राहिली. गेली चार वर्षं ही भुवई डोळ्याच्या कोपऱ्याच्या अलीकडेच संपत होती. आधी तिला वाटलं होतं, पार्लरवालीचा दोरा जरा जास्तच फिरतो. मग पार्लरला जाण्याइतकं त्राण उरलं नाही, तरी भुवई मागेच सरत राहिली, आणि उरलेली रेघ पेन्सिलने पुरी करायची तिने सवय लावून घेतली. आजही हातात तीच पेन्सिल होती. टोक कातडीवर टेकवलं तेव्हा ते नेहमीसारखं घसरलं नाही, कशाला तरी अडखळलं. घर्षण, तिच्या मनात शब्द आला. केसांपेक्षाही, तो शब्द न बोलावता आला याचंच तिला नवल वाटलं.

"नळ चालू आहे," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "खडकवासल्याच्या धरणात पाणी आहे म्हणून आपणच ते रिकामं करायला पाहिजे असं नाही."

तिने नळ बंद केला. पेन्सिल टोपण लावून कपाटात ठेवली. बाहेर तिचा नवरा, श्रीधर, पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली न करताच विचारलं, "आज सांगणार आहेस ना प्राचार्यांना?" ती हो म्हणाली. "सांगून टाक एकदाचं. तेही ताटकळलेत आणि मीही. तुझं नक्की झालं की मी कोकणातलं ते घर घ्यायचं बोलून टाकतो, तिकडेच राहायला जाऊ." त्याच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती. कधीच नसे. तिला थंडी वाजायची तेव्हा रात्री उठून स्वतःची रजई तिच्यावर टाकणारा तो माणूस होता. पण रजई टाकता टाकता त्याने आणि तिने, दोघांनी मिळूनच, त्या आजारपणाला घरात एक खोली देऊन टाकली होती. भाजी तो आणायचा, वीजबिल तो भरायचा, लग्नामुंजीला तो एकटा जाऊन "तिला बरं नसतं" असं सांगून यायचा. आता त्या खोलीतला भाडेकरू निघून चालला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिने तरी कुठे सांगितलं होतं? कॉलेज सोडते, असं गेल्या उन्हाळ्यात तीच प्राचार्य शिरोळ्यांना म्हणाली होती. मग दिवाळीनंतर नक्की सांगते म्हणाली. मग संक्रांतीनंतर. आता पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागायचं होतं, आणि स्वेच्छानिवृत्तीचं हो की नाही ते आज सांगा, असा निरोप शिरोळ्यांनी कालच पाठवला होता.

कॉलेज घरापासून फार लांब नाही. कर्वेनगरातल्या गल्ल्यांतून, सोसायट्यांच्या फाटकांवरून, मधल्या चढाने जायचं. मागच्या वर्षी या चढासाठी ती रिक्षा करायची. एक रिक्षावाला तर तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला होता, "मॅडम, मीटर पडायच्या आत कॉलेज येतंय." ती काही बोलली नव्हती. बोलायचं म्हणजे शब्द शोधायचे, शोधायचे म्हणजे एका मोठ्या अंधाऱ्या कोठीघरात कंदील न घेता शिरायचं. आज ती पायी निघाली. चढाच्या मध्यावर कपाळावर काहीतरी ओलं लागलं म्हणून तिने वर पाहिलं, कुणाच्या बाल्कनीतून कपडे गळतायत का. आभाळ स्वच्छ होतं आणि वर बाल्कनीही नव्हती. घाम होता. तिला घाम आला होता. ती तिथेच थांबली आणि बोटाने तो थेंब टिपून तिने जिभेला लावला, प्रयोगशाळेत जे कधीही करायचं नाही म्हणून ती दरवर्षी मुलांना बजावते ते. खारट होता. चार उन्हाळे तिने कोरड्या, खरखरीत, मासळीसारख्या खवल्यांच्या कातडीत काढले होते. एप्रिलमध्ये स्टाफरूममधला पंखा बंद करायला लावायची, वर शाल. "नम्रता मॅडम महाबळेश्वर बरोबर घेऊनच फिरतात," असं कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती. हसणं लांबून यायचं, दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या फोनसारखं, आपला की त्यांचा हे कळेपर्यंत बंद होणारं.

सगळ्यात वाईट तो शब्द हरवण्याचा दिवस. थंडी, सूज, टाचांच्या भेगा, बसल्या जागी लागणारी झोप हे सगळं शरीराचं होतं. शरीराला तिने कधीच फार मान दिला नव्हता. पण त्या दिवशी ती मुलांसमोर उभी होती, एका हातात शंकूच्या आकाराचा चंबू, दुसऱ्या हातात काळसर भुकटीची लहान बाटली, आणि म्हणत होती, "आता यात आपण चिमूटभर घालायचं…" आणि पुढे काही नव्हतं. इंग्रजीतला शब्द नव्हता, मराठीतला नव्हता. जिथे तो असायचा तिथली जागा होती, भिंतीवरून चित्र काढल्यावर राहते तशी फिकट चौकट. मुलांना वाटलं मॅडम उत्सुकता ताणतायत. मागच्या बाकावरचा शौनक नेहमीसारखाच म्हणाला, "मॅडम, आवाज," कारण तिचा आवाजही तेव्हा घोगरा होऊन घशातच बसायचा. बंगळूरहून फोन करणारी कादंबरी, तिची मुलगी, दर वेळी नेटवर्कला दोष द्यायची. त्या दिवशी शेवटी नम्रताच्या मागून आमोद हळूच म्हणाला, "इंडिकेटर." आमोद तिचाच जुना विद्यार्थी, आता त्याच विभागात शिकवणारा. त्याने तो शब्द इतक्या अलगद दिला, जसा म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडताना हात द्यावा. तिला तो आधार लागला आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. त्या दिवसापासून आमोद तिची प्रॅक्टिकल्स घ्यायला लागला, आधी एखादं, मग सगळीच. तिने तेव्हाच मनात ठरवलं की आता थांबायला हवं. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने शिकवू नये. हा विचार तिला अगदी शास्त्रीय वाटला होता.

आणि तरी ती गोळी घेत होती. हेच कुणाला पटत नव्हतं. थायरॉईड मंद आहे हे चार वर्षांपूर्वीच रक्तात सापडलं होतं, त्यात काही गूढ नव्हतं, अर्ध्या स्टाफरूमला तोच आजार होता आणि अर्धी स्टाफरूम त्यावर गोळी घेऊन ठणठणीत होती. घराजवळच्या डॉक्टरांनी तिला पन्नासची दिली, मग पंचाहत्तरची, मग शंभरची, मग सव्वाशेची. दर वेळी रक्त दिलं की अहवालातला तो आकडा, जो खाली यायला हवा, वरच बसलेला. "गोळी विसरता का अधूनमधून?" डॉक्टर विचारायचे. "नाही हो. रोज घेते." "मग रिपोर्ट खोटं बोलतोय म्हणायचा." ते हसून म्हणायचे. ती मात्र त्यावर खरोखर विचार करायची. मोजमाप चुकत नाही, मोजणारा चुकतो, हेच तिने जन्मभर शिकवलं होतं. म्हणून तिने मोजमापावर नव्हे, स्वतःवर संशय घ्यायला सुरुवात केली. सकाळची गोळी आपण गिळली की नुसती गिळल्यासारखं वाटलं? गोळी जिभेवर ठेवल्याची आठवण आजची की कालची? ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "थोडं मनाचंही असतं. एक लहानशी गोळी देतो, झोप लागेल," तेव्हा ती म्हणाली होती, "झोप लागतेच आहे डॉक्टर. जाग येत नाही." त्यांना ते विनोदी वाटलं. ती चिठ्ठी तिने दुकानात दाखवली नाही. घरी आली, शाल घेतली आणि श्रीधरला म्हणाली, मी कॉलेज सोडते. तो लगेच हो म्हणाला. सासूबाईही म्हणाल्या, "बरं होईल. दगदग तरी थांबेल." त्या दोघांनी इतकं पटकन हो म्हटलं ते तिला आत कुठेतरी लागलं, पण कुठे ते शोधायलाही फार लांब जावं लागलं असतं.

मग हडपसरच्या डॉ. तुपे. आमोदची बहीण त्यांच्याकडे जात होती म्हणून. स्वारगेटला बस बदलून, भांड्यांच्या दुकानावरचा जिना चढून, जिन्यात दोनदा बसून, नम्रता त्यांच्यासमोर पोचली. साठीच्या, आखूड केसांच्या, टेबलावर काहीही न ठेवणाऱ्या बाई. त्यांनी जुने अहवाल चाळले आणि गोळी घेता का, असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "घेता हे धरूनच चालू. कशी घेता ते सांगा. झोपेतून उठल्यापासून. काही गाळू नका." नम्रताला ते आवडलं. कृती सांगायची होती. निरीक्षण नको, अनुमान नको, कृती. ती सांगू लागली. उठते. तोंड धुते. स्वयंपाकघरात जाते. टेबलावर सासूबाईंनी कप भरून ठेवलेला असतो आणि बशीत गोळी असते. रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नसतं, आतडी जळतात, म्हणून त्यांनी दोन्ही बरोबर ठेवायची पद्धत घातली आहे. कपात काय असतं, डॉक्टरांनी विचारलं. "नाचणीचं सत्त्व. दुधात शिजवलेलं." आणि हे म्हणता म्हणता नम्रताने स्वतःचा आवाज ऐकला.

ते सत्त्व सासूबाई स्वतः करायच्या. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून. चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, बायकांची हाडं पन्नाशीनंतर पोकळ होतात, कॅल्शियम हवं. त्याच महिन्यात नम्रताचा थायरॉईड निघाला. दोघींच्या दोन औषधांचा दिनक्रम एकाच टेबलावर सुरू झाला. गोळ्यांची बाटली सासूबाईंनी आपल्या कपाटात ठेवली, "तू विसरशील" म्हणून, आणि बाटलीतून बशीत, बशीतून हातात अशी गोळी येऊ लागली. बाटलीवर काय लिहिलंय ते नम्रताने पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा पाहिलं नाही. लेबल न वाचता बाटली उघडणाऱ्या मुलाला ती वर्गाबाहेर उभं करते. दुधात कॅल्शियम असतं, नाचणीत तर फारच असतं, आणि कॅल्शियम समोर येईल ते धरून बसतं, गोळीसुद्धा. याच धरून बसण्यावर पाण्याची कठीणता मोजायचा अख्खा प्रयोग उभा आहे, आणि तो ती नोकरीला लागल्यापासून शिकवत आली आहे. तिच्या गालांना ऊब आली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "तुम्ही काय करता?" डॉ. तुपे विचारत होत्या. "रसायनशास्त्र शिकवते." डॉक्टर हसल्या नाहीत. पेनला टोपण लावत म्हणाल्या, "मग मी समजावत नाही. एक सांगते, नाचणी वाईट नाही हं. फक्त तिची आणि गोळीची गाठ पडू द्यायची नाही. गोळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर तासभर चहासुद्धा नाही. नाचणी संध्याकाळी. आणि सव्वाशे बंद. ती आता खरंच अंगात गेली तर छाती धडधडेल. पंचाहत्तरपासून सुरू करू, सहा आठवड्यांनी रक्त बघू. घाई करायची नाही." "घाई नाही करणार," नम्रता म्हणाली. तिच्याइतका, रंग बदलण्याच्या अंतिम बिंदूकडे थेंबाथेंबाने सावकाश जाणारा माणूस त्या डॉक्टरांना दुसरा मिळाला नसता. जिना उतरताना खालच्या दुकानात कुणी तरी पातेली वाजवून घेत होतं. तो आवाज तिला लख्ख ऐकू आला. आकडा बरोबर होता. तीही बरोबर होती. रोज गिळलेली प्रत्येक गोळी तिने खरोखर गिळली होती.

सासूबाईंना सांगणं राहिलं होतं. परतीच्या बसमध्ये तिने वाक्यं जुळवली आणि घरी पोचेपर्यंत सगळी विसरली. त्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, उद्यापासून गोळी मी माझी माझी घेईन."

"का? माझ्या हातचं कडू लागायला लागलं?"

"नाचणीबरोबर ती अंगी लागत नाही. आतल्या आत अडकते आणि तशीच निघून जाते."

त्यांचे हात थांबले. मेथीची काडी त्यांनी बाजूला ठेवली, मग पुन्हा उचलली. "म्हणजे चार वर्षं मीच दिली आणि मीच काढून घेतली."

"तुम्ही नाही. कॅल्शियमने."

"कॅल्शियम कुणी दिलं?"

नम्रता समोर बसली आणि मेथी निवडू लागली. एक जुडी संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंना काय वाटलं असेल, कुठलं अडाणी घर आहे म्हणून." "त्या म्हणाल्या नाचणी चांगली असते." "ते मला सांगायला हडपसरहून कशाला माणूस पाहिजे," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रता उठली तेव्हा तिच्या उशाशी तांब्याभांडं होतं, शेजारी गोळ्यांची बाटली, लेबल समोर येईल अशी ठेवलेली. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. तासभर त्यांनी कुणालाही आत सोडलं नाही. श्रीधरला म्हणाल्या, "तिच्यासमोर चहा पिऊ नकोस, वास जातो." "अहो आई, वासाने काही होत नाही," नम्रता म्हणाली. "तुला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या, "तुला तर दुधाचंही माहीत नव्हतं." संध्याकाळी पाचला नाचणीचा कप पुढे आला. बशी रिकामी होती.

पहिले सहा आठवडे काहीच झालं नाही, किंवा झालं ते इतकं बारीक की साध्या डोळ्याला दिसू नये. आकडा मात्र उतरला. डॉ. तुपेंनी पंचाहत्तरची अठ्ठ्याऐंशी केली आणि पुन्हा थांबायला सांगितलं. मग गोष्टी परत यायला लागल्या, सांगून नव्हे, माहेरपणाला आलेल्या मुलीसारख्या, पिशवी दारातच टाकून सरळ आत. टाचा भरल्या. जिन्यावर मधे बसायचं राहून गेलं, आणि राहून गेलंय हे वर पोचल्यावर लक्षात आलं. कादंबरी फोनवर म्हणाली, "आई, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला." एकदा स्टाफरूममध्ये तिने उठून पंखा लावला तेव्हा सगळ्यांनी मान वर करून आधी पंख्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तिने आमोदकडून एक प्रॅक्टिकल परत मागून घेतलं. त्याने यादीच पुढे केली. "सगळी घ्या मॅडम. मला तुमच्यासारखं ओरडता येत नाही, मुलं ऐकतच नाहीत." शब्दही आले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती त्यांना हाका मारून बघायची: अवक्षेप, संपृक्त, उत्कलन, केशाकर्षण. हजर, हजर, हजर.

मग तिने इतके दिवस कुणाला काही का सांगितलं नाही? कारण तिला एक गोष्ट माहीत होती. प्रयोगात थेंब पडतो, लालाचा निळा होतो, मूल आनंदाने ओरडतं, झालं मॅडम. आणि चंबू जरा हलवला की लाल पुन्हा परत येतो. तो खरा शेवट नसतो. हलवल्यावर टिकला पाहिजे. ती चार महिने स्वतःला हलवून बघत होती.

प्रयोगशाळेत आज पाण्याची कठीणता होती. या प्रयोगाला ती मुलांना आपापल्या घरचं पाणी आणायला सांगते. बाटल्या ओट्यावर रांगेत उभ्या होत्या. शहरातल्या नळाच्या पाण्यांना फार थेंब लागायचे नाहीत, ती निमूट निळी व्हायची. सगळ्यात हट्टी पाणी दीपमालाचं; ही हडपसरच्याही पलीकडून बसने येणारी मुलगी बोअरचं पाणी घेऊन आली होती. "मॅडम, ह्या पाण्यात डाळच शिजत न्हाई," ती म्हणाली. "आई म्हणती, गॅस संपंल पण डाळ न्हाई शिजायची." "आण इकडे," नम्रता म्हणाली, "हे मी करून दाखवते." तिने पाणी मोजून घेतलं, बफरचं द्रावण घातलं, काळसर भुकटीची बाटली उचलली, लेबल वाचलं आणि म्हणाली, "आता यात चिमूटभर इंडिकेटर." पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं. तिने ब्युरेटची, त्या उभ्या मापनळीची, चावी सोडली. द्रावण उतरत राहिलं, उतरत राहिलं, लाल हलेना. मुलं जवळ आली. मागच्या बाकावरचा शौनकही उठून आला.

तेवढ्यात दारात शिरोळे सर उभे. "मॅडम, व्यत्यय आणतोय. मला आत्ता ऑफिसात वेळापत्रक द्यायचंय. तुमचं नाव ठेवू की काढू, तेवढं फक्त." आवाज हळू होता, पण प्रयोगशाळेत सगळं ऐकू जातं. मुलांनी माना दाराकडे वळवल्या. पलीकडच्या ओट्यावर आमोद काच पुसता पुसता थांबला.

"एक मिनिट, सर," ती म्हणाली.

लालात जांभळी झाक आली होती. तिने चावी जवळजवळ बंद केली. एक थेंब टोकाशी जमला, फुगला, लोंबकळला, सुटला. निळी रेघ आत शिरली आणि विरली. तिने मनगट फिरवलं. लाल परत आलं. तिच्या मनात कोकणातलं ते घर आलं, तिने न पाहिलेलं, श्रीधरने तिच्यासाठी मनात सावलीच्या बाजूला ठरवलेली खोली. संध्याकाळी त्याला सांगावं लागेल, आणि तो आधी पेपर उघडून बसेल. बसू दे. सुट्टीत जाऊ. दुसरा थेंब. जांभळं. आणखी एक, अर्धाच, काचेच्या टोकावरून कांडीने टिपून घेतलेला. आणि सगळा चंबू निळा झाला, तळापासून काठापर्यंत, लाल कुठेच नाही. तिने तो पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवला. मग उचलून जोरात हलवला. पुन्हा ठेवला. वाट पाहिली. दारात शिरोळे सरांनी घड्याळाकडे पाहिलं. निळा निळाच राहिला.

तिने मान वर केली. आवाज चढवावा लागला नाही. तो मुळातच खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा होता, पूर्वीपासून.

"सर, मी निवृत्ती घेत नाही. माझं नाव ठेवा, प्रॅक्टिकल्ससकट."